देव असेल तर एवढं दुःख का? दहाव्याची प्रवचनं करणाऱ्या माणसाचं उत्तर

माउली, तुमचा प्रश्न नीट वाचला. मला काय समजलं ते आधी सांगतो. बहिणीचा अकरा वर्षांचा मुलगा ब्लड कॅन्सरने गेला. दहाव्याला जे महाराज आले होते ते माईकवरून म्हणाले की मागच्या जन्मीचं देणंघेणं असतं, ते फिटलं की जीव निघून जातो, आईबापांनी शोक करू नये. त्या दिवसापासून बहिणीने देवघराचं दार लावून घेतलंय, तुमची आई माळकरी, तिला ते बघवत नाही, घरात रोज धुसफूस आणि तुम्ही मधल्यामध्ये. तुमचं म्हणणं असं की जगात एवढं दुःख दिसत असताना देव मानणं तर्काला धरून आहे का, का आपण फक्त सवयीने मानतो, आणि बहिणीला नेमकं सांगू काय.

मी कीर्तन-प्रवचन करतो, बरीच वर्षं झाली. आळंदीला शिकलो, मग बाहेरून तत्त्वज्ञानात एम.ए. केलं, पण ह्या विषयात मला जे काय कळतं ते घाटावर कळलंय. आमच्याकडे नगर-जुन्नर पट्ट्यात दहाव्याला प्रवचन ठेवतात. ज्यांच्याकडे ही पद्धत नाही त्यांच्यासाठी सांगतो, नदीकाठी एका बाजूला विधी चाललेला असतो, पिंड ठेवून कावळ्याची वाट बघणं चालू असतं, आणि तेवढ्या वेळात प्रवचनकाराने अर्धा-पाऊण तास बोलायचं, त्यानंतर पुढाऱ्यांच्या श्रद्धांजल्या. समोर पहिल्याच रांगेत ताजं मुंडण केलेला मुलगा नाहीतर बाप, बायका एका बाजूला. म्हणजे दुःख आणि देव ह्या विषयावर मला बोलावं लागतं ते ज्यांचं माणूस दहा दिवसांपूर्वी गेलंय त्यांच्या तोंडासमोर, आणि त्यातून माझी काही मतं पक्की झालीत. ती सगळ्या महाराज मंडळींना पटतील असं नाही, पटत नाहीतच.

पहिलं म्हणजे तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. एक तर्काचा, देव आणि दुःख एकत्र बसतात का. दुसरा बहिणीचा. लोकांना वाटतं पहिल्याचं उत्तर मिळालं की तेच दुसऱ्याला द्यायचं, आणि सगळा घोटाळा तिथे होतो, त्या महाराजांचाही तोच झाला, त्यांनी पहिल्या प्रश्नाचं पाठ केलेलं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला देऊन टाकलं.

आधी तर्काचं बघू. देव सर्वशक्तिमान आहे, दयाळू आहे, आणि तरी पोरं कॅन्सरने जातात, ह्या तीन गोष्टी एकत्र कशा. हा प्रश्न पाश्चात्त्यांकडून आला असं बरेच जण म्हणतात, ग्रीकांच्या एपिक्युरसच्या नावावर तो सांगतात, पण आपल्याकडे तो कधीपासूनचा आहे. महाभारतात वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिराला तोंडावर म्हणते की हा धाता लहान पोर खेळण्यांशी खेळतं तसा माणसांशी खेळतो, लाकडाच्या बाहुल्या हलवाव्यात तसं आपल्याला हलवतो, धर्माने वागणारे वनात आणि अधर्माने वागणारे सिंहासनावर, मग असल्या विधात्याला काय म्हणावं. युधिष्ठिर म्हणतो तुझं बोलणं सुंदर आहे पण हे नास्तिकाचं बोलणं आहे. आणि स्त्रीपर्वात गांधारी तर प्रत्यक्ष कृष्णालाच धरते, तू हे थांबवू शकत होतास, तुझ्यात ताकद होती आणि तू जाणूनबुजून दुर्लक्ष केलंस, म्हणून हा शाप घे. कृष्ण तिला कर्माचा सिद्धांत सांगून गप्प करू शकला असता. त्याने शाप घेतला. मी हे घाटावर बऱ्याचदा सांगतो, कारण समोर बसलेल्या बाईला आपण देवावर चिडलोय म्हणजे पाप केलं असं वाटत असतं, आणि तिला कुणीतरी सांगायला पाहिजे की बाई, तुझ्याआधी गांधारी चिडली आणि तिचा राग देवाने अंगावर घेतला.

आता उत्तरं. आपल्याकडचं सगळ्यात पक्कं बांधलेलं उत्तर ब्रह्मसूत्रात, म्हणजे वेदान्ताच्या मूळ सूत्रग्रंथात आहे, दुसऱ्या अध्यायाचा पहिला पाद, चौतिसावं सूत्र. आक्षेप असा की ईश्वराने जग केलं असेल तर तो पक्षपाती आणि निर्दय ठरतो, कारण कुणी सुखी कुणी दुःखी. सूत्र म्हणतं नाही, कारण तो सापेक्ष आहे, म्हणजे जिवांच्या कर्माप्रमाणे देतो. शंकराचार्य तिथे पावसाचा दृष्टांत देतात, पाऊस सगळीकडे सारखाच पडतो, पण साळ उगवणार का जव ते ज्याच्या त्याच्या बियाण्यावर. मग पुढच्याच सूत्रात कुणीतरी विचारतं की पहिल्यांदा सृष्टी झाली तेव्हा कर्म कुठून आलं, तर उत्तर येतं की संसार अनादी आहे, पहिली वेळ अशी नव्हतीच.

बांधणी म्हणून हे मला आजही आवडतं, त्यात फट सापडणं अवघड आहे. पण फट सापडत नाही हीच मला त्याची अडचण वाटते, कारण काहीही घडलं तरी ते बरोबरच ठरतं. तुमच्या भाच्याचाच आजार घ्या. लहान मुलांमध्ये जो ब्लड कॅन्सर जास्त दिसतो त्यात १९५०-६० च्या सुमाराला जवळजवळ सगळी मुलं जायची, आज चांगल्या ठिकाणी पूर्ण उपचार मिळाले तर दहातली आठ-नऊ वाचतात. मग साठ-सत्तर वर्षांत जगभरातल्या पोरांची मागच्या जन्मीची कर्मं अचानक सुधारली का? औषधं सुधारली, केमोथेरपीचे डोस बसवण्यात लोकांनी आयुष्यं घातली. आता कर्मवादी म्हणेल की ज्यांचं कर्म चांगलं ते औषध निघाल्यावर जन्मले. म्हणू शकतो, त्याला कुणी अडवू शकत नाही. पण जे उत्तर पोर वाचलं तरी खरं आणि गेलं तरी खरं, त्यातून त्या पोराबद्दल आपल्याला नवीन काय कळलं? काहीच नाही. कळतं एवढंच की दोष पोराचा. आणि तेच बहिणीच्या काळजात घुसलंय, देव वाईट ठरू नये म्हणून तिचा मुलगा वाईट ठरवला गेला. माझ्या मते ती देवावर जेवढी चिडली त्याहून जास्त ह्या हिशेबावर चिडली, आणि बरोबर चिडली.

(बौद्ध आणि जैन परंपरेत हे कोडं ह्या रूपात येतच नाही, कारण तिथे जग निर्माण करणारा देवच नाही. कर्म तिथेही आहे, पण त्यासाठी कुणा दयाळू मालकाला जाब विचारायचा नसतो. हा फरक लक्षात ठेवा, कुणी वाद घातला तर उपयोगी पडतो.)

दुसरं उत्तर स्वातंत्र्याचं. देवाने माणसाला मोकळीक दिली, माणूस वाईट वागतो, त्यातून दुःख. खून, युद्ध, दारू पिऊन गाडी चालवणं, इथपर्यंत हे चालतं. पण रक्तातल्या पेशी बिघडल्या त्यात कुणाचं स्वातंत्र्य? ते तिथे थांबतं.

तिसरं, दुःखाने माणूस घडतो, देव परीक्षा बघतो. ह्यावर मला थोडं सविस्तर बोलायचंय कारण आमच्या क्षेत्रात हे फार वापरलं जातं आणि उदाहरण ठरलेलं असतं, तुकोबा. १६३० च्या आसपासचा तो मोठा दुष्काळ, त्यात तुकोबांचा धंदा बुडाला, पहिली बायको रखुमाबाई गेली, मुलगा गेला. त्यांनीच लिहून ठेवलंय, ‘स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’. आणि तेच तुकोबा म्हणतात ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें’, बरं झालं दुष्काळाने पीडा केली, त्याने तुझी आठवण राहिली. मग कीर्तनकार ह्यावर तासभर रंगवतो की बघा, दुष्काळ आला नसता तर आपल्याला तुकाराम मिळाले नसते, देवाची योजनाच तशी.

ह्यात रखुमाबाई कुठे गेली? ती दम्याने आजारी बाई अन्न अन्न करत मेली ती कुणाच्या वैराग्याचं सामान म्हणून? तिच्या बाजूने बघितलं तर ती योजना कसली. पण बारकाईने बघा, तुकोबांनी ‘बरें जालें’ म्हटलं ते स्वतःच्या दिवाळ्याबद्दल, स्वतःवर कोसळलेल्या गोष्टीबद्दल, आणि तेही सगळं सोसून झाल्यावर. त्यांना तो हक्क होता. शेजारच्या गावातल्या कुणी त्या वर्षी येऊन त्यांना सांगितलं असतं की तुकाराम शेट, बरं झालं बायको गेली, आता भजनाला मोकळे झालात, तर तो माणूस काय लायकीचा ठरला असता? शब्द तेच, पण कुणी म्हटले ह्यावर सगळं फिरतं. आणि ह्याच तुकोबांनी दुसऱ्या एका वेळी ‘माझे लेखीं देव मेला’ असंही म्हटलंय, आता मी त्याचं नाव घेणार नाही, आमचं दोघांचं तुटलं. ते दोन्ही एकाच गाथेत आहेत, वारकऱ्यांनी ते काढून टाकलं नाही. तुमच्या आईंना हे सांगा. देवघराचं दार लावून घेणं संप्रदायाबाहेरचं नाहीये.

तर आता माझं मत सांगतो. एखाद्या दुःखाला अर्थ लावायचा असेल तर तो ज्याचं दुःख त्याने लावावा. बाहेरच्याने लावला की तो तर्कालाही टिकत नाही आणि माणुसकीलाही.

हे मी नुसतं घरातल्या दुःखाबद्दल म्हणत नाही. चोखोबांचं बघा. एका अभंगात ते स्वतःबद्दल म्हणतात की मागच्या जन्मी कृष्णनिंदा घडली होती म्हणून हा जन्म आला, हा विटाळ पूर्वीचं फळ. त्यांनी स्वतःची समजूत अशी घातली असेल, त्यांच्याशी वाद घालणारा मी कोण. पण त्यांच्याच घरात त्यांचा मुलगा कर्ममेळा, तो हे मानत नाही, तो देवालाच विचारतो आमची जात हीन केलीस, ‘जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमचे चित्ता’. एकाच घरात बाप एक म्हणतो, मुलगा दुसरं, आणि दोघेही संत. गावाने मात्र ह्या दोघांतलं बापाचं तेवढं उचललं, कारण ते सोयीचं होतं. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून गेले, वेठीची माणसं त्या भिंतीखाली गेली, सन १३३८ चं सांगतात. त्यांची समाधी पंढरपूरला देवळाच्या दाराबाहेर, आणि ते दार त्यांच्या लोकांना उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं, साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. सहाशे वर्षं ‘पूर्वीचं फळ’ हे उत्तर पुरलं. बाबासाहेबांनी मागच्या जन्मीच्या कर्माच्या सिद्धांतावर जो घाव घातला तो ह्याच ठिकाणी, की गरिबाच्या आणि खालच्या मानलेल्या माणसाच्या हालांची जबाबदारी समाजाला आणि राज्याला झटकता यावी म्हणून हा सिद्धांत कामाला येतो. मी माळकरी आहे, बौद्ध नाही, पण ह्या मुद्द्यावर मला त्यांना देण्यासारखं उत्तर नाही आणि आमच्यातल्या कुणी दिलेलं मी ऐकलेलं नाही.

भूकंपाचंही तसंच. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारी. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपलेले, पहाटे चारच्या आत भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादकडची हजारो माणसं ढिगाऱ्याखाली गेली. युरोपात ह्याची जुळी घटना आहे, १ नोव्हेंबर १७५५ ला पोर्तुगालमधलं लिस्बन, सर्व संतांचा सण, सकाळी चर्चं भरलेली आणि तेव्हाच जमीन हलली, वर समुद्र चढून आला, मेणबत्त्या-चुलींनी आगी लागल्या. त्यानंतर तिकडे हे जग म्हणजे शक्य तेवढ्या जगांतलं सर्वांत चांगलं जग, असं म्हणणाऱ्या जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्झच्या मताची फ्रेंच लेखक व्होल्तेरने टर उडवली. आपल्याकडेही १९३४ च्या जानेवारीत बिहारमध्ये मोठा भूकंप झाला तेव्हा खुद्द गांधीजी म्हणाले की ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. टागोरांनी जाहीर विरोध केला. अस्पृश्यता वाईट हे दोघांना मान्यच होतं, टागोरांचं म्हणणं होतं की निसर्गातल्या घटनांना निसर्गातलीच कारणं असतात, आणि असला युक्तिवाद तुमच्यापेक्षा तुमच्या विरोधकांनाच जास्त शोभतो. खरंच आहे, कुणी सनातनी म्हणाला असता की अस्पृश्यता मोडायला निघालात म्हणून भूकंप झाला, तर त्याला कुठल्या तोंडाने खोडणार? आणि शिक्षा द्यायची तर ढिगाऱ्याखाली सगळ्या जातींची पोरं कशी. मी गांधीजींना मानतो, पण ह्या एका ठिकाणी टागोर बरोबर होते.

शिवाय किल्लारीत माणसं मेली ती बरीचशी घरांमुळे. दगड आणि चिखलाच्या जाड भिंती, त्यात बांध नाही, वर मातीचं जड माळवद, ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. हा देवाचा कोप म्हटलं की घर कसं बांधायचं हा प्रश्न बाजूला राहतो. म्हणूनच शेतकऱ्याची आत्महत्या असेल तर मी त्या दहाव्याला ‘प्रारब्ध’ हा शब्द तोंडातून काढत नाही, काही घरच्यांनीच तसं बोला म्हटलं तरी. प्रारब्ध म्हटलं की कर्ज, भाव, पाऊस, सावकार सगळे एका झटक्यात निर्दोष सुटतात, आणि ते त्याच मंडपात श्रद्धांजली वाहायला बसलेले असतात, काही जण तर पुढच्या खुर्चीत. हायवेवर डिव्हायडर नसलेल्या ठिकाणी पोरगा गेला तरी तेच.

आता तुम्ही म्हणाल, महाराज, सगळी उत्तरं तर तुम्हीच खोडलीत, मग माळ कशाला घालता.

रास्त आहे. तर्कापुरतं बोलायचं तर गेल्या पन्नासेक वर्षांत तत्त्वज्ञानवाले बरेच जण, त्यातले नास्तिकही, एवढं मान्य करायला लागलेत की देव आणि दुःख ह्यांत दोन अधिक दोन पाच असा सरळ विरोध दाखवता येत नाही, आपल्याला न कळणारं काही कारण असू शकतं एवढी जागा राहते. पण ‘असू शकतं’ आणि ‘आहे’ ह्यात फार अंतर आहे. जगात दुःखाचा ढीग एवढा आहे आणि तो इतका कसाही वाटलेला आहे की त्यावरून जो माणूस म्हणतो देव नसावा, तो मूर्ख नाही. त्याच्याकडे भक्कम कारण आहे. आणि जो म्हणतो तरी मी मानतो, तोही मूर्ख नाही, फक्त त्याने एक गोष्ट सोडली पाहिजे, की त्याचा देव प्रत्येक घटनेचा मॅनेजर आहे, कुणाला कधी कॅन्सर द्यायचा ती फाइल त्याच्या सहीने पुढे जाते. असा मॅनेजर आणि दयाळू माउली हे एकाच ठिकाणी मला बसवता येत नाहीत. मी मॅनेजर सोडला, माउली ठेवली. तुम्ही म्हणाल मग तो सर्वशक्तिमान राहिला का. पंडितांच्या अर्थाने बहुतेक नाही राहिला. मला त्याचं फार वाईट वाटत नाही, कारण संतांच्या कथांतला विठोबा जनाबाईबरोबर दळतो, चोखोबाबरोबर ढोरं ओढतो, तो दुरून सत्ता चालवताना क्वचितच दिसतो. ह्या कथा घडल्या का हा मुद्दा नाही, पिढ्यान्‌पिढ्या सोसणाऱ्या लोकांना देव कुठे उभा हवा होता ते त्यातून कळतं. तो दुःख का आलं हे सांगत नाही. दुःखात हाक मारायला, भांडायला कुणीतरी असतो. कुणाला हे पुरतं, कुणाला नाही पुरत. मला पुरतं, आणि ते मी तर्काने सिद्ध करून दाखवू शकत नाही, तसा दावाही नाही. ‘तर्काला धरून आहे का’ ह्याचं माझं उत्तर म्हणून असं, की तर्क इथे दोन्ही रस्ते मोकळे ठेवतो, पण प्रत्येक दुःखाचा हिशेब देता येतो असं म्हणणारी श्रद्धा मात्र तर्कात बसत नाही.

आता दुसरा प्रश्न, बहिणीला काय सांगायचं. हे बरंच तिच्यावर आणि घरावर अवलंबून आहे, मी तिला ओळखत नाही, म्हणून मी जे करतो ते सांगतो, त्यातलं लागेल ते घ्या.

माझे एक मित्र नगरला पाळक आहेत, ख्रिस्ती. त्यांनी मला ईयोबाची गोष्ट सांगितली, बायबलातली. माणूस चांगला, आणि पोरंबाळं, गुरंढोरं, तब्येत सगळं गेलं. तीन मित्र भेटायला येतात आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात, एक शब्द बोलत नाहीत. तोवर ठीक चाललेलं असतं. मग ते बोलायला लागतात, तू काहीतरी पाप केलं असशील, देव उगाच शिक्षा करत नाही, आणि तिथून त्यांचं बिघडतं. शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो, म्हणतो तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत, भांडणारा ईयोब बोलला. मित्र म्हणाले आमच्याकडेही अंत्यविधीला लोक ह्या तिघांसारखंच बोलतात, ‘देवाला चांगली माणसं आवडतात’ वगैरे. म्हटलं, सगळीकडे सारखंच.

तेव्हा समजावू नका, जवळ बसा. तिने मुलाचं नाव काढलं तर विषय बदलू नका, तुम्हीही नाव घ्या, तो काय बोलायचा, काय खायचा. आमच्याकडे लोकांना वाटतं नाव काढलं की आई रडेल म्हणून कुणी काढतच नाही, आणि तिला वाटतं सगळे विसरले. आणखी एक, उपचारात काही कमी पडलं का, लवकर दाखवायला हवं होतं का, हे तिच्या डोक्यात चालूच असणार, बहुतेक आयांच्या असतं. ‘मागच्या जन्मीचं’ ऐकून ते आणखी वाढतं. ज्या डॉक्टरांनी उपचार केले त्यांच्याकडे तिला एकदा घेऊन जा आणि तिला जे विचारायचंय ते विचारू द्या. वेळ मागितला तर बरेच डॉक्टर देतात. माझ्या प्रवचनापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो हे मी पाहिलंय. झोप, जेवण बरेच आठवडे बिघडलेलं राहिलं, किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलायला लागली, तर मात्र थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, ते देवाधर्माचं काम नाही.

एक उलटी बाजूही सांगून ठेवतो. उद्या बहीणच म्हणाली की त्याचं माझ्याकडे एवढंच घेणं होतं, किंवा तो परत माझ्याच पोटी येईल, तर तुम्ही माझं हे सगळं वाचून तिला खोडायला जाऊ नका. तिचं दुःख, तिची समजूत. एका बाईंनी मला सांगितलं होतं की परत येईल ह्या एका आशेवर मी उठते, मी मान हलवली आणि गप्प बसलो. तेच वाक्य मी माईकवरून म्हणणार नाही.

आईंचं वेगळं. त्यांनाही नातू गेलाय हे घरात सगळे विसरलेत असं मला तुमच्या लिहिण्यावरून वाटलं, चुकत असेन तर सोडून द्या. त्यांचं दुःख हरिपाठातून बाहेर पडतं, बहिणीचं दार लावून घेण्यातून. त्यांना म्हणा देव तुमच्या खोलीत आणा, तिथे दिवा लावा, हरिपाठ म्हणा, पण तिच्या हातून पूजा होत नाही म्हणून घराला दोष लागेल असलं काही तिच्या कानावर घालू नका. तुळशीला पाणी कोण घालतं ह्यावरून भांडण होत असेल तर तुम्ही घाला, नास्तिक असलात तरी चालतं.

आणि वर्षश्राद्धाला परत प्रवचन ठेवायचा विषय निघेलच. प्रवचनकाराला आधी फोन करून सांगता येतं हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. सरळ सांगायचं, महाराज, मागचा जन्म, देणंघेणं, परीक्षा ह्यातलं काही नको, मुलाबद्दल चार गोष्टी आम्ही लिहून देतो त्या बोला आणि अभंग म्हणा. जो चांगला असेल तो ऐकतो, उलट त्याला बरंच वाटतं. जो म्हणेल मला शिकवू नका, त्याला बोलावू नका. आणि प्रवचनच नको असं बहीण म्हणाली तर नका ठेवू, त्याने मुलाला गती मिळायची राहत नाही, हे कुणी विचारलं तर माझ्या नावावर खपवा.

रामकृष्णहरि.